जपणे म्हणजे कोंडणे नव्हे

आमच्या दवाखान्याच्या बाकावर दोन गरोदर बायकांची मैत्री जमली. एक जुन्या वाड्यातली सून, पहिलटकरीण. दुसरी भाड्याच्या खोलीत राहणारी, नवरा नोकरीनिमित्त परगावी. दोघींनाही सहावा महिना. नंबर आला तरी दोघींच्या गप्पा संपत नसत.

एके दिवशी वाड्यातल्या सासूबाई एकट्याच आल्या. म्हणाल्या, "डॉक्टर, रविवारी पोलिओचे डोस आहेत. शाळेतल्या बूथवर मदतीला जातो म्हणताहेत या दोघी. तिथून पुढे बाजारातही जायचंय म्हणे! असल्या दिवसांत हे बरं का? तुम्हीच सांगा नको म्हणून."

बाईंचा राग मला समजत होता, कारण त्याचे मूळ माझ्याकडेच होते. दोन महिन्यांपूर्वी त्यांच्या सुनेच्या कागदावर मीच 'विश्रांती' असे लिहून दिले होते. पंचवीस-तीस वर्षे मी हा शब्द सवयीने लिहीत आलो. मला म्हणायचे असते, दुपारी दोन तास आडवे व्हा, पाण्याचे हंडे उचलू नका. घरात त्याचा अर्थ होतो, उंबरा ओलांडू नको. गंमत म्हणजे उंबऱ्याच्या आत धुणे, भांडी, साऱ्या घराच्या पोळ्या सगळे चालू राहते. बंद होतात ते फक्त देऊळ, बाजार आणि मैत्रीण!

मी दोघींना तपासले. रक्तदाब ठीक, रक्त पुरेसे, कसलीही तक्रार नाही. सासूबाईंना सांगितले, "काकू, खुशाल जाऊ द्या."

रविवारी मी मुद्दाम बूथवर डोकावलो. डोस पाजायला परिचारिका होत्या. या दोघी खुर्चीवर बसून, एक कागदावर नोंद करत होती, दुसरी बाळांच्या डाव्या करंगळीवर शाईची खूण करत होती. रडणारे पोर कसे धरावे, हे पहिलटकरीण तिथल्या आयांकडून शिकत होती. दुपारी झाडाखाली बसून दोघींनी डबे खाल्ले, बाजारात एकसारख्या बांगड्या भरल्या आणि दिवेलागणीच्या आत घरी आल्या. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी दोघींचे फिरणे सुरू झाले.

दोन महिन्यांनी एका संध्याकाळी वाड्यातली सून मैत्रिणीला घेऊन आली. "डॉक्टर, हिच्या बांगड्या बघा. त्या दिवशी सैल होत्या, आता हलत नाहीत." मैत्रीण म्हणत होती, उन्हाने डोके दुखतेय, बाम लावलाय. रक्तदाब निघाला १५० वर १०० आणि लघवीत प्रथिने! तिला लगेच १०८ च्या गाडीने मोठ्या रुग्णालयात पाठवले. तिथे दोन आठवडे ठेवून, सदतिसावा आठवडा भरताच प्रसूती केली. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत.

कोणी म्हणेल, फिरल्यानेच हे झाले. तसे नाही. या विकाराचे मूळ वारेत असते. फिरल्याने तो होत नाही आणि घरात बसल्याने टळत नाही. पण वेळेवर लक्षात आला नाही, तर आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेततो. त्या खोलीत ती एकटीच असती, तर तिच्या हाताकडे कोणी पाहिले असते?

माझे म्हणणे एवढेच की, गरोदर बाईला औषधगोळ्यांइतकीच सोबत लागते आणि तिच्यासारखीच दोन जीवांची मैत्रीण ही त्यातली उत्तम सोबत. भीती बोलून हलकी होते. शिवाय चार लोकांच्या उपयोगी पडल्यावर, आपण आजारी नाही, हे तिला स्वतःलाच पटते. प्रकृती चांगली असल्यास गरोदरपणात आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. बोलता बोलता चालता आले पाहिजे, दम लागता कामा नये, हे त्याचे सोपे माप.

मात्र हे सरसकट सर्वांना लागू नाही. रक्तस्राव झाला असेल, वार खाली असेल, पिशवीला टाका घातला असेल, आधीचे बाळंतपण अपुऱ्या दिवसांत झाले असेल किंवा रक्तदाब जास्त असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय बाहेर पडू नये. काम बसून करण्याचे निवडावे. ओझे उचलणे आणि तापाच्या रुग्णांत वावरणे नको. तासाभराने उठून चार पावले चालावे, पाणी प्यावे, लघवी तुंबवू नये. खड्ड्यांच्या रस्त्याने दुचाकीवरून जाऊ नये. माता व बाल संरक्षण कार्ड पिशवीत ठेवावे. डोके दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर किंवा हातांवर सूज, अंगावरून रक्त किंवा पाणी जाणे, बाळाची हालचाल मंदावणे, यातले काहीही झाले तर सकाळची वाट पाहू नये.

सरकारी रुग्णालयांत दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते. २०१६ पासून ही सोय आहे. तिथेही दोघींनी मिळून जावे.

'विश्रांती' हा शब्द मी अजूनही लिहितो. पण आता त्याखाली आणखी एक ओळ असते : रोज संध्याकाळी मैत्रिणीबरोबर फिरणे.