गोदी रिकामी झाली ती कुणामुळे?

परवा मोरा बंदरातून सकाळची लाँच पकडली. मुंबईत काम होतं. शेजारी कॉलेजचा एक पोरगा बसला होता, आपल्याच तालुक्यातला. भाऊचा धक्का जवळ आला, पत्र्याच्या गंजलेल्या शेड दिसायला लागल्या, तसं त्याने मोबाईलमधून डोकं वर काढलं. "काका, इथे मोठं काहीतरी होणारे ना? मरिना, गार्डन वगैरे. रीलमध्ये पाहिलं." म्हटलं, हो, बरीच वर्षं चर्चा चाललीय. त्याने जरा विचार केला आणि विचारलं, "आपल्याला आत सोडतील का?"

मला पटकन उत्तर सुचलं नाही. दोन दिवस तोच प्रश्न डोक्यात आहे, म्हणून हे लिहितोय. लांब आहे, सवडीने वाचा.

आधी जागा कोणती ते सांगतो. ससून डॉकपासून वडाळ्यापर्यंत मुंबईचा पूर्व किनारा साधारण 28 किलोमीटरचा. त्यातली सुमारे 1800 एकर जमीन मुंबई पोर्ट ट्रस्टची, म्हणजे आताच्या मुंबई पोर्ट अथॉरिटीची. मालकी केंद्र सरकारच्या संस्थेची, अर्थात जनतेची. पोर्ट ट्रस्ट 1873 मधला. ससून डॉक 1875 चा, प्रिन्सेस डॉक 1880 चा, व्हिक्टोरिया 1888 चा, अलेक्झांड्रा म्हणजे आजचा इंदिरा डॉक 1914 चा. याच व्हिक्टोरिया डॉकमध्ये 14 एप्रिल 1944 ला 'फोर्ट स्टिकिन' बोट फुटली आणि अर्धी गोदी जळाली. आजही देशभर अग्निशमन सप्ताह त्याच तारखेपासून पाळतात.

एवढ्या लांबीच्या किनाऱ्यावर सामान्य माणसाला पाण्यापर्यंत जाता येतं अशा जागा हाताच्या बोटांवर मोजाव्यात. डॉकयार्ड रोड, रे रोड, कॉटन ग्रीन, शिवडी. हार्बर लाईनने आपण आयुष्यभर जा-ये करतो, समुद्र तिथून हाकेच्या अंतरावर आहे, दिसत नाही. मध्ये भिंत, गोदामं, गेटवर शिपाई. पश्चिमेला मरिन ड्राइव्ह, आणि पूर्वेला भिंत.

काम चालू होतं तोपर्यंत भिंतीला अर्थ होता. माझे एक मामा गोदीत होते. बिल्ला दाखवून आत जायचे, पाठीवर माल वाहायचे, शनिवारी लाँचने घरी यायचे. आपल्या भागातल्या किती घरांत गोदीचा पगार आला याची मोजदाद कुणी केलेली नाही.

मग काम गेलं. सगळंच गेलं असं नाही. जवाहर द्वीपावर, आपण ज्याला बुचर म्हणतो तिथे, तेलाची जहाजं आजही लागतात. इंदिरा डॉकमधून गाड्या आणि पोलाद जातं-येतं. पण जुनी गजबज संपली. प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया हे डॉक तर भराव घालून बुजवले. का संपली? कंटेनर आले, जहाजं मोठी झाली, खोल पाणी लागायला लागलं, शहरातून ट्रक काढणं अवघड झालं. म्हणून पलीकडच्या तीरावर नवं बंदर बांधलं, ते 1989 मध्ये सुरू झालं. पलीकडचा तीर म्हणजे आपण. न्हावा शेवा.

इथे मला जरा थांबायचंय, कारण मुंबईतल्या चर्चेत हा भाग येतच नाही. तिकडे सेमिनार होतात, आर्किटेक्ट सुंदर चित्रं दाखवतात आणि म्हणतात, बंदराचा माल 'शिफ्ट' झाला, जमीन 'मोकळी' झाली. शिफ्ट कुठे झाला? आपल्या शेतांवर, मिठागरांवर आणि खाजणांवर. जानेवारी 1984 मध्ये जमिनीच्या भावासाठी दि. बा. पाटील साहेबांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झालं, 16 आणि 17 तारखेला गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले. शेवा कोळीवाडा उठवला. त्याचं पुनर्वसन हनुमान कोळीवाड्यात झालं, तिथल्या घरांना वाळवी लागली, आणि पोरांची पोरं झाली तरी तो प्रश्न चालूच राहिला. बंदराच्या विस्ताराने मासेमारी गेली म्हणून 1630 कुटुंबांना सुमारे 95 कोटींची भरपाई द्या, असा आदेश हरित लवादाने दिला तो 2015 मध्ये. बंदर सुरू होऊन 26 वर्षं झाल्यावर.

म्हणजे मुंबईची गोदी आपोआप मोकळी झालेली नाही. उरणने आपली जमीन देऊन ती मोकळी केली. तेव्हा तिथे काय व्हावं यावर बोलायचा हक्क फक्त कुलाबा आणि माझगावच्या लोकांना आहे असं कुणी समजू नये.

आता पुढे काय चाललंय. 2014 मध्ये केंद्राने राणी जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्या पोर्ट ट्रस्टच्याच माजी अध्यक्षा. किनारा लोकांसाठी खुला करा, मोकळ्या जागा ठेवा, हा त्या अहवालाचा सूर होता. 2018 मध्ये पोर्ट ट्रस्टलाच या भागाचं नियोजन प्राधिकरण केलं आणि त्यांनी आराखड्याचा मसुदा काढला. म्हणजे जमिनीचा मालक आणि नियोजन करणारा एकच. महापालिकेत निदान नगरसेवकाची कॉलर धरता येते, इथे कुणाची धरणार?

पोर्टची बाजूही सांगायला हवी. हजारो निवृत्त कामगारांच्या पेन्शनचा बोजा त्यांच्यावर आहे आणि माल कमी झालाय. जमिनीतून पैसा काढायला लागणार हे उघड आहे. मामांची पेन्शनही तिथूनच यायची, त्यामुळे 'एक इंच विकू नका' असली घोषणा मी देणार नाही. पैसा काढा. पण कुठल्या तुकड्यातून, किती, आणि पाण्याच्या कडेची पट्टी सोडून की तीच धरून, हे आधी ठरवा आणि लोकांना सांगा.

कारण आपण एकदा फसलोय. गिरण्या आठवा. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, गिरण्या बसल्या त्या बसल्याच. सुमारे 600 एकर जमीन. 1991 च्या नियमात होतं की एक तृतीयांश मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी, उरलेली मालकाला. ऐकायला छान. चार्ल्स कोरिया समितीने 1996 मध्ये आराखडाही दिला. मग 2001 मध्ये नियमात बदल झाला की वाटणी सगळ्या जमिनीची नाही, ज्यावर बांधकाम नाही तेवढ्याचीच. गिरणीची जमीन बहुतेक शेडखालीच असते हो! पालिकेच्या आणि म्हाडाच्या वाट्याला चतकोर आला. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, 2006 मध्ये निकाल मालकांच्या बाजूने लागला. आज परळला जाऊन बघा, टॉवर आहेत, मॉल आहेत. बाग शोधून दाखवा.

एका वाक्याच्या दुरुस्तीत एवढं गेलं. म्हणून चित्रं बघू नका, नियमावली वाचा. चित्रात नेहमी झाडं असतात आणि सायकलवरची मुलगी असते.

लंडनच्या गोदीची गोष्टही हीच. 1967 ते 1981 च्या दरम्यान तिथले डॉक एकेक करून बंद पडले. सरकारने 1981 मध्ये वेगळं महामंडळ नेमून स्थानिक कौन्सिलांचे नियोजनाचे अधिकार काढून घेतले. कॅनरी वॉर्फला बँकांचे टॉवर उभे राहिले. गोदी कामगारांच्या पोरांना त्यात किती नोकऱ्या मिळाल्या, यावर तिथे अजून भांडण आहे. दुसरीकडे अमेरिकेत सिएटलला तळ्याकाठचा गॅसचा कारखाना 1956 मध्ये बंद पडला. माती तेलाने सडलेली. शहराने ती जागा घेतली, मातीवर काम केलं, जुनी यंत्रं तशीच उभी ठेवली आणि 1975 मध्ये बाग खुली केली. एवढं लांब कशाला, कोचीला बघा. फोर्ट कोचीत पाण्याकाठची ॲस्पिनवॉल कंपनीची जुनी वखार 2012 पासून बिनालेसाठी वापरली. आपल्या ससून डॉकमध्येही 2017 मध्ये चित्रकारांनी भिंती रंगवल्या, कोळणींचे चेहरे काढले, लोक रांगा लावून आले. कोळंबी सोलणाऱ्या बायका बाजूला तशाच काम करत होत्या. मला ते आवडलं होतं. काम न उठवता दार उघडलं होतं.

दारुखान्याची मातीही सिएटलसारखीच आहे. वर्षानुवर्षं तिथे जहाजं तोडली गेली, तेल, रंग, ॲस्बेस्टॉस सगळं जमिनीत. ती साफ कोण करणार आणि कुणाच्या पैशाने, हे आधी ठरलं पाहिजे. कौलाबंदरच्या झोपड्यांत वर्षानुवर्षं अधिकृत नळ नव्हता. त्या माणसांना त्याच भागात घर मिळणार की माहुलसारखं कुठेतरी टाकणार? शिवडीच्या चिखलावर फ्लेमिंगो येतात. आपल्या पाणजेला पाणी आत येऊ द्या म्हणून भांडावं लागलं, तेव्हा पक्ष्यांच्या बाबतीत गोड बोलण्यावर किती विश्वास ठेवायचा हे आपल्याला ठाऊक आहे.

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. नौदल आणि चालू बंदर सोडून बाकी पाण्याच्या कडेने सलग चालता येईल अशी पट्टी, तिकीट नाही, गेट नाही, आणि ती कायद्याने नोंदलेली. एक तरी जुनी शेड गोदी कामगारांच्या संग्रहालयासाठी. पी. डिमेलोंचं नाव रस्त्याला दिलं, पण ज्यांच्यासाठी ते लढले त्यांचं काहीच कुठे दिसत नाही. आणि भाऊचा धक्का. बॅलार्ड पिअरला क्रूझच्या पाहुण्यांसाठी विमानतळासारखं टर्मिनल झालंय, चांगली गोष्ट आहे. तिथून थोड्या अंतरावर धक्क्यावर आपल्या बायाबापड्या पावसात आडोसा शोधत उभ्या असतात, त्यांच्यासाठी बरा हॉल आणि स्वच्छ संडास व्हायला काय हरकत आहे?

आपल्याकडेही तेच. मोऱ्याला गाळ साचतो, मोठ्या ओहोटीला लाँच बंद ठेवावी लागते, रो-रोची जेट्टी किती वर्षं रखडली. 12 जानेवारी 2024 ला अटल सेतू आणि उरणची लोकल दोन्ही एकाच दिवशी सुरू झालं, त्यानंतर 'लाँचची गरजच काय' असं बोलणारे इथेही निघालेत. उद्या मोरा बंदर रिकामं पडलं तर तिथेही कुणीतरी चित्र घेऊन येईल.

एक काम करा. ज्यांच्या घरात कुणी गोदीत होतं त्यांनी नाव, गाव, कुठल्या डॉकला आणि साधारण कुठली वर्षं, एवढं कमेंटमध्ये लिहा. बिल्ला, पगाराची चिठ्ठी, फोटो, काही असेल तर टाका. यादी झाली की ती जोडून पोर्ट अथॉरिटीला पत्र देणार आहे, पोच घेऊन. पोच इथेच टाकेन. मामांचा बिल्ला मामीने देव्हाऱ्याच्या खणात ठेवलाय, त्याचा फोटो पहिल्या कमेंटमध्ये आहे.