बॅटरीचे आयुष्य

घरात नवा लॅपटॉप आला की पहिले काही महिने त्याची बॅटरी पाच-सहा तास सहज पुरते. दोन-तीन वर्षांनी तीच बॅटरी तासाभरात मान टाकते. मग वडीलधारी मंडळी 'हल्लीच्या वस्तूंत पूर्वीचा टिकाऊपणा राहिला नाही' असा निकाल देऊन मोकळी होतात. हा निकाल सर्वस्वी खोटा नाही. परंतु तो अपुरा आहे. बॅटरीचे आयुष्य पुष्कळ अंशी वापरणाऱ्याच्या हातीही असते.

आजच्या लॅपटॉपमधील बॅटरी लिथियम-आयन जातीची असते. जपानमधील सोनी कंपनीने १९९१ साली ती प्रथम बाजारात आणली. तिचा पाया घालणारे जॉन गुडइनफ, स्टॅनली व्हिटिंगहॅम व अकिरा योशिनो यांना २०१९ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. गुडइनफ त्या वेळी ९७ वर्षांचे होते! या बॅटरीत लिथियमचे विद्युत्भारित सूक्ष्म कण दोन टोकांमध्ये येरझारा घालीत असतात. बॅटरी भरताना ते ग्रॅफाइटच्या थरांत जाऊन बसतात, वापरताना तेथून परत फिरतात. प्रत्येक फेरीत थोडेसे लिथियम अडकून पडते व पुन्हा कामास येत नाही. ही झीज कोणासही टाळता येणार नाही. मात्र ती मंद करता येते.

येथे एक जुनी समजूत आड येते. 'बॅटरी पूर्ण संपू द्यावी, मगच चार्जरला लावावी' असे कित्येक सुशिक्षित माणसेही सांगतात. हा उपदेश निकेल-कॅडमियम बॅटरीच्या काळातला होय. लिथियम-आयन बॅटरीला वारंवार तळ गाठणे मुळीच मानवत नाही, आणि सदैव काठोकाठ भरून राहणेही मानवत नाही. म्हणून रात्रंदिवस चार्जरला जोडून ठेवलेला लॅपटॉप पाहून त्याची फार काळजी घेतली जात आहे असे समजू नये. अनेक लॅपटॉपांत ८० टक्क्यांवर भरणे थांबविण्याची सोय असते. ती रोजच्या वापरात उपयोगी पडते. अर्थात ज्या गावी वीज केव्हा जाईल याचा भरवसा नसतो, तेथे परीक्षेच्या आदल्या रात्री बॅटरी पूर्ण भरून ठेवणे हाच शहाणपणा. वस्तू माणसासाठी आहे, माणूस वस्तूसाठी नव्हे.

उष्णता ही तर बॅटरीची वैरीण. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. अशा दिवशी उन्हात उभ्या असलेल्या बंद मोटारीत लॅपटॉप ठेवणे म्हणजे बॅटरीला भट्टीत घालणेच. गादीवर ठेवून काम केल्यास हवेची छिद्रे बुजतात आणि यंत्र तापते. सुटीत लॅपटॉप महिनाभर कपाटात राहणार असेल, तर बॅटरी सुमारे अर्धी भरून ठेवावी. बॅटरी फुगलेली दिसली, तर मात्र ती दाबू अगर टोचू नये; तिला आग लागू शकते. वापर तत्काळ थांबवून घरातील मोठ्या माणसांना सांगावे.

इतका खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. कित्येक बॅटऱ्यांत कोबाल्ट हा धातू असतो. जगातील निम्म्याहून अधिक कोबाल्ट आफ्रिकेतील काँगो लोकशाही प्रजासत्ताकाच्या खाणींतून निघतो, आणि तेथील लहान खाणींवर शाळेत जाण्याच्या वयाची मुले राबत असल्याचे उघडकीस आलेले आहे. येथे दोन वर्षांत निकामी झालेली बॅटरी चार वर्षे टिकली असती, तर तेवढा कोबाल्ट जमिनीतच राहिला असता.

तथापि सारा भार वापरणाऱ्यावर टाकणे न्यायाचे नाही. पुष्कळ लॅपटॉपांत बॅटरी आत अशी चिकटवून टाकलेली असते की, ती बदलण्यापेक्षा नवे यंत्र घेणेच लोकांना सोपे वाटते. हा कारखानदारांचा दोष आहे, आणि कायद्यावाचून तो सुधारेल असे दिसत नाही. युरोपीय संघाने २०२३ साली तसा कायदा केला. त्यानुसार फेब्रुवारी २०२७ पासून तेथे विकल्या जाणाऱ्या बहुतेक उपकरणांतील बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढून बदलता आली पाहिजे.