चष्मा वाट दाखवील, पण हाताचे काय?

१९४८च्या दंतवैद्यक कायद्याची जागा घेणारा राष्ट्रीय दंत आयोग कायदा संसदेने २०२३मध्ये संमत केला. पदवीच्या शेवटी देशभर एकच परीक्षा घेण्याची तरतूद त्यात आहे. त्यामुळे विद्यार्थ्याच्या हातात कौशल्य किती, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. त्यावरचा एक उपाय म्हणून 'ऑगमेंटेड रिअ‍ॅलिटी' अर्थात 'एआर'कडे पाहिले जाते. तो पारखून घ्यायला हवा.

व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटीत समोरचे जग झाकले जाते. एआरमध्ये ते दिसत राहते आणि त्यावर संगणकाचे चित्र चढते. बीडीएसचे विद्यार्थी रुग्णाला हात लावण्यापूर्वी 'फँटम हेड' या कृत्रिम डोक्यावर आणि काढलेल्या दातांवर सराव करतात. एआरचा चष्मा लावला, की त्याच कृत्रिम जबड्यात दातांची मुळे आणि नस दिसू लागते.

याचा खरा फायदा भूल देताना होऊ शकतो. खालची दाढ काढण्यासाठी जबड्याच्या आतल्या बाजूला, नस हाडात शिरते तिथे औषध सोडावे लागते. सुई दोन-अडीच सेंटिमीटर आत जाते आणि ती जागा डोळ्यांना दिसत नाही. म्हणून ही भूल अनुभवी हातांनाही कधी कधी चकवते. शेजारीच रक्तवाहिन्या असतात, त्यामुळे औषध सोडण्याआधी दट्ट्या मागे ओढून रक्त येत नाही ना, हे पाहावे लागते. सुईचा कोन चुकला हे एआर तिथल्या तिथे दाखवू शकते.

पण दात कोरणे हे स्पर्शाचे काम आहे. दाताचे कडक आवरण जाडीला जास्तीत जास्त सुमारे अडीच मिलिमीटर. त्याखालचा थर मऊ, किडलेला भाग आणखी मऊ. हा फरक बोटांना कळावा लागतो, नुसता चष्मा तो शिकवत नाही. हाताला विरोध जाणवून देणारी यंत्रे वेगळी असतात आणि महागही. शिवाय चित्र जबड्यावरून दोन मिलिमीटर जरी सरकले, तरी चुकीची जागा पक्की होते.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. राज्यात २०१२पासून गुटखाबंदी आहे, तरी पुडी मिळतेच. ती खाऊन तोंडाच्या आतली त्वचा ताठर होते. याला ओरल सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. निरोगी माणसाच्या तोंडात साधारण तीन बोटे उभी मावतात, अशा रुग्णाच्या तोंडात एकही मावणे कठीण होते. फँटम हेडचा जबडा मात्र ऐसपैस उघडतो. लाळ, वळवळणारी जीभ, घाबरलेला माणूस तिथे नसतो. एआर घ्यायचेच, तर परभणीच्या बाह्यरुग्ण विभागात येणारी अशी तोंडे त्यात असावीत, ही मागणी आधी करायला हवी.

तिसरा मुद्दा खरेदीचा. २०१६मध्ये आलेल्या 'होलोलेन्स' चष्म्याच्या दुसऱ्या आवृत्तीचे उत्पादन मायक्रोसॉफ्टने २०२४मध्ये थांबवले. त्याची किंमत साडेतीन हजार डॉलर होती. देखभालीचा करार संपला, की यंत्रावर कापड चढते, हे सरकारी रुग्णालयात काम करणाऱ्यांना सांगायला नको. सुरुवात टॅबलेटवर चालणाऱ्या स्वस्त एआरनेही करता येईल.

छत्रपती संभाजीनगरचे शासकीय दंत महाविद्यालय असो वा परभणीतील खासगी, खरेदीपूर्वी एक साधी चाचणी शक्य आहे. एकाच वर्गाचे दोन गट करावेत. एकाला एआरसह शिकवावे, दुसऱ्याला नेहमीच्या पद्धतीने. कोण कोणत्या गटातला, हे ठाऊक नसलेल्या परीक्षकांनी दोघांचे काम तपासावे. फरक दिसला तरच पैसा खर्च करावा, आणि तोही शिक्षकांची रिकामी पदे भरून. कच्च्या हाताची किंमत शेवटी खुर्चीवरचा रुग्णच मोजतो.