ईशान्य मुंबईत दुसरी टर्म का मिळत नाही?

मुलुंडहून मानखुर्दला लोकलने जायचं तर कुर्ल्याला गाडी बदलावी लागते. मुलुंड, भांडुप, कांजूर, विक्रोळी, घाटकोपर ही मध्य रेल्वेची स्थानकं; गोवंडी आणि मानखुर्द हार्बरची. हा सगळा पट्टा ईशान्य मुंबई लोकसभा मतदारसंघात येतो. पण दोन्ही मार्ग जिथे भेटतात ते कुर्ला पुनर्रचनेत उत्तर मध्य मुंबईला गेलं आणि पुढचं चेंबूर दक्षिण मध्यला. मतदारसंघाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाणारा प्रवासी वाटेत दोन परके मतदारसंघ ओलांडतो. रस्त्याने घाटकोपर-मानखुर्द जोडरस्ता आहे, पण त्यावरचा ट्रॅफिक ज्यांनी सोसला आहे ते पुन्हा लोकलकडेच वळतात.

या सदरात आपण एकेका मतदारसंघाची कुंडली मांडतो. ईशान्य मुंबईची मांडायची तर आधी एक समज तपासून पाहावा लागेल. ‘इथला खासदार पुन्हा निवडून येत नाही’ हे वाक्य दर निवडणुकीत पक्षकार्यालयांतून ऐकू येतं, आणि आकडे त्याला साक्ष देतात. १९७७ आणि १९८० अशा सलग दोन वेळा इथून डॉ. सुब्रमण्यम स्वामी निवडून आले. त्यानंतर आजतागायत कोणालाही लागोपाठ दुसरी टर्म मिळालेली नाही. गुरुदास कामत, जयवंतीबेन मेहता, पुन्हा कामत, प्रमोद महाजन, पुन्हा कामत, किरीट सोमय्या, पुन्हा कामत, संजय दिना पाटील, पुन्हा सोमय्या, मनोज कोटक, पुन्हा पाटील. ११ निवडणुका, ११ वेळा बदल. कोणी याला शाप म्हणतं, कोणी मतदाराचा चंचलपणा. मला दोन्ही पटत नाही.

सुरुवात थोडी मागून करू. १९६२ साली संरक्षणमंत्री व्ही. के. कृष्ण मेनन उत्तर मुंबईतून आचार्य कृपलानींविरुद्ध उभे होते. देशभर गाजलेली ती लढत मेनन यांनी लाखाहून जास्त मतांनी जिंकली. त्याच वर्षी चीनचं युद्ध झालं, मेनन मंत्रिमंडळातून गेले आणि १९६७ ला काँग्रेसने त्यांना मुंबईतून तिकीट नाकारलं. पक्ष सोडून ते नव्याने झालेल्या ईशान्य मुंबईतून अपक्ष उभे राहिले. काँग्रेसने समोर आणले स. गो. बर्वे. आयसीएस अधिकारी, पानशेतच्या पुरानंतर पुण्याच्या पुनर्वसनाचं काम पाहिलेले, नंतर राज्यात मंत्री. शिवसेनेला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. तिने मेनन यांच्या दाक्षिणात्य असण्यावर रान उठवलं आणि आपलं बळ बर्व्यांमागे लावलं. डावे पक्ष मेनन यांच्यामागे होते. बर्वे १३ हजारांच्या आसपास मतांनी जिंकले आणि निकालानंतर काही दिवसांतच हृदयविकाराने गेले. पोटनिवडणुकीत काँग्रेसने त्यांच्या भगिनी तारा सप्रे यांना उभं केलं. मेनन पुन्हा लढले आणि पुन्हा हरले. एकाच वर्षात, एकाच मतदारसंघात, भावाकडून आणि मग बहिणीकडून पराभूत झालेला दुसरा माजी संरक्षणमंत्री माझ्या तरी वाचनात नाही.

या कथेत उपरेपणाचा मुद्दा मोठा दिसतो, पण एक गोष्ट सहसा कोणी बोलत नाही. बर्वेही काही भांडुप-घाटकोपरचे नव्हते, ते पुण्याचे. म्हणजे पहिल्याच निवडणुकीत या मतदारसंघाला निवड दिली गेली ती दोन पाहुण्यांमधली. पुढेही तेच. स्वामी तमिळ, आणीबाणीत वॉरंट असताना राज्यसभेत येऊन, बोलून पसार झालेला माणूस म्हणून त्यांचं नाव झालं होतं. महाजन अंबाजोगाईचे. राष्ट्रीय पक्षांना हा मतदारसंघ म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या नेत्याला उतरायला धर्मशाळा. आणि ज्याची मुळं खरोखर या मातीत होती त्याला बाहेर जावं लागलं: घाटकोपरच्या पंतनगरात दवाखाना चालवणारे डॉ. दत्ता सामंत १९८४ ला खासदार झाले, पण दक्षिण मध्य मुंबईतून, गिरणगावाच्या मतांवर.

१९८० ची गोष्ट खास आहे. त्या जानेवारीत देशात इंदिरा गांधी परत आल्या आणि मुंबईत मात्र बहुतेक जागा जनता पक्षाने राखल्या. स्वामी त्यातच पुन्हा निवडून आले. वाऱ्याविरुद्ध मत देण्याची हिंमत या उपनगरांत होती, एवढं लक्षात ठेवू. चंचल मतदार असा वागत नाही.

मग कामतांचा काळ. १९८४ ला नुकतीच तिशी गाठलेले गुरुदास कामत खासदार झाले आणि पुढची २० वर्षं मतदारसंघ त्यांच्याभोवती रहाटगाडग्यासारखा फिरला: ८४ ला आत, ८९ ला बाहेर, ९१ ला आत, ९६ ला बाहेर, ९८ ला आत, ९९ ला बाहेर, २००४ ला आत. वरवर पाहता खेळ वाटतो. पण प्रत्येक वळणाला कारण आहे. ९६ ला युतीचा जोर होता. महाजन इथून निवडून गेले आणि वाजपेयींच्या १३ दिवसांच्या सरकारात संरक्षणमंत्री झाले. पुढच्या वर्षी, ११ जुलै १९९७ ला, घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्याची विटंबना झाली. रस्त्यावर उतरलेल्या वस्तीवर राज्य राखीव पोलिसांनी गोळीबार केला आणि दहा जण मेले. राज्यात तेव्हा युतीचं सरकार होतं. १९९८ ला काँग्रेस आणि रिपब्लिकन गट एकत्र लढले, राज्यातून चार रिपब्लिकन खासदार लोकसभेत गेले, आणि ईशान्य मुंबईत महाजन पडले. पूर्व द्रुतगती मार्गावरच्या त्या वस्तीचा राग मतपेटीत उतरला नसेल असं कोणी म्हणू नये. एका वर्षात काँग्रेस फुटली, राष्ट्रवादी वेगळी झाली, आणि कामत सोमय्यांकडून निसटत्या मतांनी हरले. समीकरण बदललं की निकाल बदलला.

शिवाय त्या काळातला मतदारसंघाचा आकार पाहा. १९७१ च्या जनगणनेवर जागा गोठवल्या गेल्या. त्यानंतर जुन्या शहरातली वस्ती ओसरत गेली आणि उपनगरं फुगत गेली. २००४ ला दक्षिण मुंबईत मिलिंद देवरा सुमारे १ लाख ३८ हजार मतांवर खासदार झाले. तिथे हरल्या त्या जयवंतीबेन मेहता, ज्या १९८९ ला ईशान्य मुंबईच्या खासदार होत्या. त्याच निवडणुकीत ईशान्य मुंबईत पराभूत झालेल्या सोमय्यांना देवरांच्या अडीच पटीहून जास्त मतं होती, आणि तरी ते लाखाच्या आसपास फरकाने हरले. म्हणजे मुलुंडच्या माणसाचं मत कुलाब्याच्या माणसाच्या मतापेक्षा कितीतरी हलकं होतं, आणि हे जवळपास ३० वर्षं चालू राहिलं. उपनगराला दिल्लीत कोणी विचारत नाही या तक्रारीचा हिशेब इथून सुरू व्हायला हवा.

पुनर्रचनेने आकार आटोक्यात आला. मुलुंड, भांडुप पश्चिम, विक्रोळी, घाटकोपर पश्चिम, घाटकोपर पूर्व आणि मानखुर्द-शिवाजीनगर अशा सहा विधानसभा उरल्या. पण या सहांना एकत्र बांधणारं काही राहिलं नाही. मुलुंड आणि घाटकोपर पूर्वेत गुजराती आणि जैन मतदार मोठा. भांडुप आणि विक्रोळीत मराठी कामगारांच्या चाळी, कन्नमवार नगर, टागोर नगर. मानखुर्द-शिवाजीनगरात बहुसंख्य मुस्लिम. लालबहादूर शास्त्री मार्गावरचे कारखाने एकेक करून बंद पडले, जागेवर मॉल आणि टॉवर आले, आणि पाळीवरून सुटणाऱ्या कामगारांची एकत्र मतं देण्याची सवयही त्यांच्याबरोबर गेली.

२००९ चा निकाल हेच दाखवतो. राष्ट्रवादीचे संजय पाटील २ लाख १३ हजार, भाजपचे सोमय्या २ लाख १० हजार, मनसेचे शिशिर शिंदे १ लाख ९५ हजार. फरक फक्त २,९३३. तिघांतल्या प्रत्येकाला आपला एक तुकडा मिळाला आणि पूर्ण मतदारसंघ कोणालाच मिळाला नाही. (शिंदे म्हणजे १९९१ ला वानखेडेची खेळपट्टी उखडणारे, नवे वाचक विचारतात म्हणून सांगितलं.) त्याच वर्षी ऑक्टोबरात मनसेने भांडुप, विक्रोळी आणि घाटकोपर पश्चिम जिंकलं, तर मानखुर्दमधून समाजवादी पक्षाचे अबू आझमी आले. नोव्हेंबरात आझमींनी हिंदीत शपथ घेतली म्हणून विधानसभेत त्यांच्यावर मनसेचे आमदार धावून गेले. निलंबित झालेल्या चौघांत भांडुपचे शिंदे आणि घाटकोपरचे राम कदम होते. राज्यभर त्याची चर्चा मराठी विरुद्ध हिंदी अशी झाली. मला मात्र त्यात एकाच लोकसभा मतदारसंघाचे तीन आमदार दिसले. या तिघांच्या मतदारांचा खासदार एकच, आणि त्याने त्या सगळ्यांच्या वतीने दिल्लीत बोलायचं!

आता माझा मुख्य आक्षेप. २०१४ ला मोदी लाटेत सोमय्या तीन लाखांहून जास्त मताधिक्याने आले. (आम आदमी पक्षाच्या मेधा पाटकरांना पाऊण लाखाच्या आसपास मतं पडली, मानखुर्द-गोवंडीच्या झोपड्यांसाठी वर्षानुवर्षं लढलेल्या बाईंना तिथेही पुरेसा आधार मिळाला नाही, हा वेगळ्या लेखाचा विषय.) २०१९ ला सोमय्यांचं तिकीट कापलं गेलं, कारण २०१७ च्या पालिका निवडणुकीत त्यांनी ‘मातोश्री’वर केलेली टीका शिवसेना विसरायला तयार नव्हती. त्यांच्या जागी कोटक आले आणि सव्वादोन लाखांनी जिंकले. २०२४ ला कोटकांचंही तिकीट गेलं, मुलुंडचे आमदार मिहिर कोटेचा उभे राहिले. या दोन्ही वेळा खासदार मतदाराने बदलला नाही, पक्षाने बदलला. पाच वर्षांत काय केलंत असं विचारायला समोर माणूसच नव्हता. चांगलं काम केलं असेल तर त्याची पावती नाही, वाईट केलं असेल तर त्याची शिक्षा नाही. विद्यमान खासदाराने इथे मतदाराला तोंड दिलं ते शेवटचं २०१४ ला, संजय पाटलांनी, आणि मतदाराने त्यांना घरी पाठवलं. हे बरोबर की चूक ते सोडा. निदान हिशेब तरी झाला.

खासदाराचं कामच काय, असं कोणी म्हणेल. देवनारचं डम्पिंग पालिकेचं, झोपु योजना राज्याची. पण लोकल केंद्राची आहे. २०१४ च्या जानेवारीत घाटकोपर स्थानकात १६ वर्षांची एक मुलगी गाडी पकडताना फलाट आणि डब्यामधल्या फटीत पडली आणि तिचे दोन्ही हात गेले. फलाटांची उंची वाढवण्याचा प्रश्न त्यानंतर हायकोर्टात आणि रेल्वे मंत्रालयात गाजला. सोमय्यांनी तो लावून धरला होता हे त्यांच्या विरोधकांनाही मान्य करावं लागेल. असा प्रश्न दुसऱ्या टर्ममध्ये पुढे न्यायचा असतो. इथे दुसरी टर्मच नाही.

२०२४ चा प्रचार तर आठवणीतला आहे. १३ मेला छेडानगरच्या पेट्रोल पंपावर होर्डिंग कोसळून १७ जण मेले आणि दोनच दिवसांनी घाटकोपरात पंतप्रधानांचा रोड शो झाला. तो पुढे ढकलायला हवा होता, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं. पाच दिवसांनी मतदान झालं. संजय पाटील, आता ठाकरेंच्या शिवसेनेचे, २९,८६१ मतांनी जिंकले. एकट्या मानखुर्द-शिवाजीनगरने त्यांना ८० हजारांहून जास्त आघाडी दिली होती आणि मुलुंडने कोटेचांना भरभरून. सहा महिन्यांत विधानसभा झाली: भाजप तीन, दोन्ही शिवसेना एकेक, समाजवादी एक. पुन्हा तुकडेच.

तरीही २०२४ ला एक नवी गोष्ट घडली. प्रचारात पाटील आणि कोटेचा दोघांनाही मुलुंडच्या सभांत सांगावं लागलं की धारावीच्या लोकांचं पुनर्वसन इथे होऊ देणार नाही. त्याच वर्षी सरकारने कांजूर, भांडुप आणि मुलुंडची अडीचशे एकरांवर मिठागरांची जमीन धारावी प्रकल्पासाठी मंजूर केली. देवनारच्या कचराभूमीचीही सुमारे सव्वाशे एकर त्यात आली. मिठागरं केंद्राची, म्हणजे हा विषय सरळ खासदाराच्या पदरात पडतो. मतदारसंघाच्या दोन्ही टोकांना एकाच वेळी भिडणारा असा प्रश्न मला तरी आठवत नाही.

पण दोन्ही टोकांचं म्हणणं एक नाही. मुलुंड म्हणतं, रस्ते, पाणी, गाड्या आधीच अपुऱ्या, आणखी माणसं आणू नका. त्यात काही खरं आहे आणि थोडं न बोललेलंही आहे. शिवाजीनगर आणि बैंगनवाडी या वस्त्याच मुळात शहरातून उठवलेल्यांसाठी आखलेल्या. मानखुर्दच्या लल्लूभाई कंपाऊंडमध्ये रेल्वेरुळांकडेच्या झोपड्यांतली माणसं आणून ठेवली. गोवंडीचा माणूस म्हणतो, तुम्ही नेहमी आमच्याकडेच पाठवलंत, आणि ते कचऱ्याच्या डोंगराशेजारी. पाटील २०२९ ला उभे राहिले आणि त्यांच्या पक्षाने किंवा युत्या-आघाड्यांच्या वाटपाने त्यांचं तिकीट कापलं नाही, तर १९८० नंतर पहिल्यांदा दुसऱ्या टर्मची वाट खरोखर उघडेल. त्यासाठी मुलुंडच्या कालिदास नाट्यगृहात आणि गोवंडीच्या नाक्यावर त्यांना एकच भाषण करता आलं पाहिजे. सध्या दोन्हीकडची भाषणं वेगळी आहेत.