मागे राहिलेले स्वर

दिवंगत माणसाच्या ट्रंकेत जे सापडते त्याचे काय करावे, हा प्रश्न प्रत्येक मोठ्या कुटुंबात केव्हा ना केव्हा उपस्थित होतोच. दागिने निघाले तर वाटणी होते. जमिनीचे कागद निघाले तर ते वकिलाकडे जातात. पण अर्धवट कवितांची वही किंवा गाण्याची एखादी ध्वनिफीत निघाली, तर धर्मशास्त्रही मौन धरते आणि घरातील माणसे एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतात.

आमच्या घरी हा प्रसंग गेल्या पितृपक्षात आला. आमचे थोरले बंधू दादा यांस जाऊन आता पंचवीस वर्षे झाली. कचेरीतील कारकुनी सांभाळून ते पदे रचीत आणि रात्री जेवणे उरकल्यावर पेटीवर म्हणत. माळ्यावरची त्यांची ट्रंक उघडली, तो तीत दोन कॅसेटी निघाल्या. त्यांवर दादांची नऊ पदे त्यांच्याच आवाजात आहेत. पुतण्या म्हणाला, "काका, हे आता जगाला ऐकवू या. आंतरजालावर ठेवायला एक दिवस पुरे." वहिनी काहीच बोलल्या नाहीत. आम्ही "विचार करून सांगतो," असे खास मास्तरी उत्तर दिले. तेव्हा आमच्या विचारास चालना मिळावी म्हणून पुतण्याने एका इंग्रज गायकाचा संग्रह आम्हांस ऐकावयास दिला. इंग्रजी गाण्यात आमची गती बेताचीच. तथापि त्या संग्रहाची हकीकत वाचकांस सांगावी इतकी ती मननीय आहे.

गायकाचे नाव निक ड्रेक. आपली गीते तो स्वतःच रची, स्वतःच चाली लावी आणि गिटार घेऊन स्वतःच गाई. त्याचा जन्म १९ जून १९४८ रोजी रंगून येथे झाला. वडील रॉडनी हे 'बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन' या सागवानाच्या कंपनीत अभियंता होते. आईचे नाव मॉली. १९४२ मध्ये जपानी सैन्य ब्रह्मदेशात शिरले, तेव्हा मॉली आपली बहीण नॅन्सी हिच्यासह दिल्लीस आली आणि तेथे दोघी बहिणी 'लॉइड सिस्टर्स' या नावाने ऑल इंडिया रेडिओवर गात असत. पुढे हे कुटुंब स्वदेशी परतले व वॉरिकशायर परगण्यातील टॅनवर्थ-इन-आर्डन या खेड्यात स्थायिक झाले. घरात पियानो होता. मॉली त्यावर स्वतः रचलेली गीते घरच्यांपुरतीच म्हणे आणि रॉडनी ती हौसेने ध्वनिफितीवर उतरवून घेत. अशा घरात निक वाढला.

त्याच्या हयातीत त्याच्या तीनच ध्वनिमुद्रिका निघाल्या. 'फाइव्ह लीव्ह्ज लेफ्ट' १९६९ साली, 'ब्रायटर लेटर' १९७१ साली आणि 'पिंक मून' १९७२ साली. तिन्हींचा खप अगदीच अल्प झाला. स्वभावाने तो अबोल; लोकांपुढे गाणे त्याच्या जिवावर येई. पुढे औदासीन्याच्या विकाराने त्याला ग्रासले. तो आईबापांच्या घरी परतला आणि २५ नोव्हेंबर १९७४ रोजी, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, तेथेच मरण पावला.

त्याच्या पहिल्या दोन मुद्रिकांचा निर्माता जो बॉइड याने एक दूरदर्शीपणा मात्र केला होता. आपली संस्था 'आयलंड' कंपनीस विकताना, या मुलाच्या मुद्रिका विक्रीतून कधीही काढून टाकावयाच्या नाहीत, अशी अट त्याने घातली. ती पाळली गेली. म्हणून पुढे एकाने दुसऱ्यास ऐकवावे आणि दुसऱ्याने तिसऱ्यास, असे करीत त्याचे नाव हळूहळू पसरत गेले. २००० सालच्या सुमारास एका मोटारगाडीच्या जाहिरातीत त्याचे गीत वाजले आणि मुद्रिकांचा खप एकाएकी वाढला. आपला भवभूती समानधर्मा रसिकासाठी अनंत काळाच्या भरवशावर राहिला. येथे पंचवीस वर्षे पुरली. परंतु गाणाऱ्याला त्याचा काय उपयोग, हा प्रश्न उरतोच.

कीर्ती आली की शिल्लक धुंडाळणे सुरू होते. न निघालेल्या मुद्रणांचा 'टाइम ऑफ नो रिप्लाय' हा संग्रह १९८६ साली आला. 'मेड टु लव्ह मॅजिक' २००४ साली आला. आणि पुतण्याने आम्हांस दिलेला 'फॅमिली ट्री', म्हणजे 'वंशवृक्ष', हा २००७ साली. पुढे २०२५ मध्येही पहिल्या मुद्रिकेच्या घडणीतील जुन्या फितींचा मोठा संच निघाला. 'फॅमिली ट्री' निघण्याचे कारण ऐकण्यासारखे आहे. मुलगा गेल्यावर त्याचे चाहते दुरून त्या घरी येत. आईबाप त्यांचे आपुलकीने स्वागत करीत आणि घरच्या फितींच्या नकलाही काहींस देत. दुःखी आईबापांनी विश्वासाने दिलेल्या त्या वस्तूंच्या पुढे नकलांवर नकला होऊन त्या चोरून विकल्या जाऊ लागल्या. रॉडनी १९८८ साली व मॉली १९९३ साली निवर्तली. मागे राहिली वडील बहीण गॅब्रिएल. ती व्यवसायाने नटी. भावाच्या कृतींची देखरेख तिच्याकडे आली. जे वाईट नकलांच्या रूपाने बाहेर फिरतेच आहे, ते घरानेच नीट करून द्यावे, हा मार्ग शेवटी पत्करण्यात आला.

या संग्रहात अठ्ठावीस प्रकरणे आहेत. बहुतेक पहिल्या मुद्रिकेच्या आधीची. काही घरी मुद्रित झालेली, काही १९६७ साली फ्रान्समधील एक्स-आं-प्रोव्हान्स या गावी तो शिकावयास गेला असता तेथे. त्यांतील पुष्कळशी गीते त्याची नव्हेतच. बर्ट जान्श, जॅक्सन फ्रँक, बॉब डिलन या तेव्हाच्या गायकांची गीते हा पोरगा गिरवीत बसला आहे. आम्ही चाळीस वर्षे मुलांचे कित्ते तपासले असल्याने आम्हांस हे लगेच ओळखू आले. एका ठिकाणी मोझार्टची रचना आहे: निक क्लॅरिनेट वाजवतो आहे, मावशी नॅन्सी व्हायोला आणि मावशीचे यजमान पियानो. दिल्लीच्या रेडिओवर गाणारी नॅन्सी ती हीच. एक गीत भावाबहिणीने मिळून म्हटले आहे. आणि दोन गीते खुद्द आईची, आईच्याच आवाजात. त्यांतील एकाचे नाव 'पुअर मम'. मुलाच्या दुसऱ्या मुद्रिकेत एक गीत आहे, त्याचे नाव 'पुअर बॉय'. बिचारी आई आणि बिचारा मुलगा! आईचा तो सावरून धरलेला, खिन्न पण तक्रार न करणारा स्वर ऐकला, आणि मुलाचा स्वर कोठून आला हे आम्हांस कोणी सांगावे लागले नाही.

आता गुणदोष प्रांजळपणे सांगावयाचे तर, ज्याने निक ड्रेक कधीच ऐकला नाही त्याने या संग्रहापासून आरंभ करू नये. त्याने आधी ते तीन पूर्ण ग्रंथ ऐकावे. हे परिशिष्ट होय. स्वर मधूनच विरतो, फितीची खरखर जाणवते, आणि कित्ता तो कित्ताच. परंतु येथे कोणी काही झाकलेले नाही. २००४ च्या संग्रहात तसे नाही. त्यात १९६८ सालच्या एका गीताभोवती, गायकाच्या मृत्यूनंतर एकोणतीस वर्षांनी, तंतुवाद्यांचा नवा साज चढवला आहे. तो चढवणारा रॉबर्ट कर्बी हा निकचा केंब्रिजमधील मित्र, आणि त्याच्या हयातीतही वाद्ययोजना करून देणारा. म्हणजे अधिकार होता. साजही सुरेख आहे. तरीही आम्हांस चुटपुट लागून राहिली, की ज्याच्या गळ्याभोवती हा हार घातला त्याने तो पाहिलाच नाही. कच्चे लिखाण कच्चे म्हणून दाखवावे. त्यावर दुसऱ्याने पक्की शाई फिरवली तर मूळ अक्षर कोणते, हे पुढे कोणासच कळत नाही.

सर्वांत आम्हांस भावली ती बहिणीची एक गोष्ट. संग्रहासोबत तिने दिवंगत भावास उद्देशून पत्र लिहिले आहे, आणि हे प्रकाशन तुला रुचले असते की नाही याची खात्री नाही, असे त्यात मोकळेपणाने कबूल केले आहे. "त्याचीच इच्छा होती," असे म्हणून तिला सुटता आले असते. मृताच्या नावावर काहीही खपते. तिने शंका स्वतःकडे घेतली आणि ती ऐकणाऱ्यापासून लपविली नाही. कुटुंबाच्या वडीलधाऱ्या माणसाने वागावे ते असे.

महिनाभर ऐकल्यानंतर आम्ही पुतण्यास व वहिनींस बसवून दादांच्या कॅसेटी लावल्या. तिसऱ्या पदाच्या मध्येच स्वयंपाकघरातून कुकरची शिट्टी येते. पुतण्या म्हणाला, "ही शिट्टी काढून टाकता येईल, काका. मागे तबलाही घालता येईल." तेव्हा वहिनी प्रथमच बोलल्या. "भावजी, शिट्टी राहू द्या. कुकर लावून मी दाराशी उभी राहून ऐकत होते. एरवी कुणी आलं की हे गाणं थांबवायचे. त्या दिवशी मला पाहूनही थांबले नाहीत."

यावर वादाचे काही कारण उरले नाही. पदे जशी आहेत तशी ठेवावयाची. एकेक प्रत सर्व भावाबहिणींच्या घरी द्यावयाची. सोबत एक पानभर टिपण, त्यात कोणते पद पुरे व कोणते अपुरे हे लिहावयाचे. जगाला ऐकवावयाचे की नाही ते वहिनींनी ठरवावे, आणि त्यांना ठरवण्याची घाई कोणी करू नये. पुतण्या थोडा हिरमुसला, पण प्रती त्यानेच करून दिल्या.

वाचकांपैकी कोणाच्या माळ्यावर अशा फिती असतील, त्यांस अनुभवाची सूचना. फितीवरील चुंबकीय लेप काळाने झिजतो व सुटतो. म्हणून ती पुन्हा पुन्हा न वाजवता प्रथम जाणत्याकडून तिची प्रत करून घ्यावी, आणि आवाज कोणाचा, साल कोणते, हे ओळखणारी माणसे आहेत तोवर लिहून ठेवावे. आणि घरात आज कोणी गात असेल, तर तुझे हे पुढे काय करावे, असे त्यालाच विचारावे. दादांस आम्ही ते कधी विचारले नाही. ते गात, तेव्हा आम्ही बहुधा वह्या तपासीत असू.