एक मिलिमीटरचा आर्क आणि कोल्हापूरची कारागिरी

चित्रपटगृहांच्या केबिनमधून झेनॉनचे दिवे उतरवून त्यांच्या जागी लेसरवर चालणारे प्रक्षेपक बसवण्याचे काम आता केवळ महानगरांपुरते उरलेले नाही, आणि शाळा-महाविद्यालयांच्या वर्गांतील छोट्या प्रक्षेपकांमधूनही पाऱ्याचा दिवा हळूहळू बाहेर पडत आहे. उच्चदाब विसर्जन दिवा, म्हणजे क्वार्ट्झच्या बंद कुपीत दाबाखाली कोंडलेल्या वायूतून किंवा बाष्पातून विद्युतप्रवाह नेऊन प्रकाश मिळवणारा दिवा, प्रक्षेपणाच्या क्षेत्रातून निरोप घेत असताना त्याच्या विकासाचा हिशेब मांडणे हे या व्यवसायातील तंत्रज्ञांसाठी स्मरणरंजनापेक्षा अधिक उपयोगाचे आहे. हा दिवा कसा घडला हे ज्याला कळले, त्याला तो अवेळी का जातो हेही कळते. शिवाय कोल्हापूरसारख्या यंत्रकुशल शहराचा हात या दिव्यापर्यंत का पोहोचला नाही, या प्रश्नाचे उत्तरही त्याच हिशेबात आहे.

हा प्रश्न कोल्हापूरला विचारण्याचे कारण जुने आहे. कलामहर्षी बाबूराव पेंटर यांनी विष्णुपंत दामले यांच्या साथीने १९१८ मध्ये चालता सिनेकॅमेरा याच शहरात घडवला, १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला आणि १९२३ च्या ‘सिंहगड’मध्ये रात्रीच्या प्रसंगांसाठी कृत्रिम प्रकाशाचा वापर केला. शाहूपुरीतील एका चौकाला आजही चित्रगृहाच्याच नावाने व्हीनस कॉर्नर म्हणतात, आणि तेथून जवळच्या शिवाजी उद्यमनगरात ओतकाम, लेथ आणि मिलिंग यांची परंपरा पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. प्रक्षेपकातील फिल्म खेचणारा माल्टीज क्रॉस झिजला किंवा दातेरी चक्र बिघडले तर ते पुन्हा घडवणे या कारागिरीच्या आवाक्यातले होते. दिवा मात्र कायम बाहेरून आला. त्याचा दोष कारागिरांकडे जात नाही. धातू कापून अचूक आकार देण्याचे कसब आणि हजार अंश तापमानाला पदार्थाने कसे वागावे हे ठरवण्याचे शास्त्र या दोन वेगळ्या विद्या आहेत, आणि दुसरीची शाळा या शहरातच काय, देशातही फारशी उभी राहिली नाही.

कार्बन आर्कच्या काळात ही उणीव जाणवली नाही, कारण तो आर्क उघड्या हवेत जळत असे आणि त्याला कुपीच नव्हती. एकदिश प्रवाहावर धन कार्बनच्या टोकाला पडणारा खळगा हाच प्रकाशाचा मुख्य उगम असे. कार्बन जसजसे जळत तसतसे ते पुढे सरकवून अंतर कायम राखणे हे ऑपरेटरचे काम, आणि धूर बाहेर नेण्यासाठी लॅम्पहाउसवर चिमणी. साधारण वीस मिनिटांच्या प्रत्येक रिळामागे कार्बनकडे लक्ष द्यावे लागे, त्यामुळे दिव्याची प्रकृती ऑपरेटरच्या हाताला सतत जाणवत असे. पुढच्या सर्व दिव्यांनी ही जाणीव एकेक पायरीने काढून घेतली.

झेनॉनचा आखूड आर्कचा दिवा जर्मनीत १९४० च्या दशकात आकाराला आला आणि ओसरामने तो १९५१ मध्ये बाजारात आणला. वितळवून घडवलेल्या क्वार्ट्झच्या कुपीत टंगस्टनचे दोन इलेक्ट्रोड असतात, टोकदार ऋण आणि जाडजूड धन, कारण एकदिश प्रवाहात इलेक्ट्रॉनांचा मारा व त्याची उष्णता धन इलेक्ट्रोडला सोसावी लागते. थंड असतानाही कुपीतला दाब वातावरणाच्या अनेक पट असतो आणि पेटल्यावर तो तीसपट किंवा त्याहून वर जातो. थंड दिवा म्हणजे निरुपद्रवी दिवा अशी समजूत म्हणूनच धोक्याची आहे, आणि मुखवटा व हातमोजे न घालता झेनॉन हाताळणाऱ्या तंत्रज्ञाला अनुभवी म्हणण्याची रीत बंद व्हायला हवी. दोन किलोवॅटचा असा दिवा सुमारे पंचवीस व्होल्टवर जवळपास ऐंशी अँपिअर घेतो. इतक्या मोठ्या प्रवाहामुळे रेक्टिफायरच्या गुणवत्तेला महत्त्व येते, कारण एकदिश प्रवाहावर उरलेली लहर, ज्याला रिपल म्हणतात, ती मोठी असेल तर ऋण इलेक्ट्रोडचे टोक लवकर बोथट होते, आर्क थरथरू लागतो आणि पडद्यावर प्रकाश लुकलुकतो. अशा वेळी दिवा बदलला जातो, रेक्टिफायर तसाच राहतो, आणि काही आठवड्यांनी नवा दिवाही त्याच वाटेने जातो. या व्यवसायात दिव्याच्या माथी मारल्या गेलेल्या दोषांपैकी किती दोष खरे तर फिल्टरमधील थकलेल्या कपॅसिटरचे होते, याचा शोध कुणी घेतला असता तर निष्कर्ष मनोरंजक निघाला असता.

क्वार्ट्झ आणि टंगस्टन यांचा सांधा हा या दिव्याचा खरा मर्मभाग आहे. तापल्यावर टंगस्टन क्वार्ट्झच्या जवळपास नऊपट प्रसरण पावते, त्यामुळे जाड सळई थेट क्वार्ट्झमध्ये बसवली तर थंड होताना तडा अटळ असतो. यावरचा उपाय म्हणजे मॉलिब्डेनमची अतिशय पातळ पट्टी, जी आपल्या पातळपणामुळे ताण सोसून घेते, किंवा मोठ्या झेनॉन दिव्यांत वापरतात तशी वेगवेगळ्या प्रसरणाच्या काचांची क्रमवार साखळी. मॉलिब्डेनमची पट्टी सुमारे साडेतीनशे अंश सेल्सिअसच्या वर हवेच्या संपर्कात राहिली की ऑक्सिडीकरणाने फुगते आणि सांधा फुटतो. दिव्याच्या टोकांवर वारा पोहोचतो की नाही हे पाहणे म्हणूनच आवश्यक ठरते. उघड्या बोटाने कुपीला स्पर्श करू नये हा नियमही असाच सकारण आहे, कारण घामातील क्षार तापलेल्या क्वार्ट्झचे स्फटिकीकरण सुरू करतात, तो भाग दुधी होतो आणि दुधी झालेले क्वार्ट्झ दाब सोसण्यास दुबळे ठरते.

झेनॉनने मोठा पडदा उजळला, परंतु टेबलावर मावणाऱ्या प्रक्षेपकाला तो परवडणारा नव्हता, आणि तेथूनच या विकासाचा सर्वांत रोचक भाग सुरू होतो. द्रवस्फटिकाचे पटल असो किंवा टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये लॅरी हॉर्नबेक यांनी १९८७ मध्ये साकारलेली सूक्ष्म आरशांची चिप, या दोहोंचे क्षेत्रफळ अगदी लहान असते. प्रकाशशास्त्राचा एक कठोर नियम असा की उगमाचे क्षेत्रफळ आणि प्रकाश ज्या कोनात पसरतो तो कोन यांचा गुणाकार कोणत्याही भिंगाने किंवा आरशाने कमी करता येत नाही. मोठा आर्क छोट्या पटलावर एकवटायचा तर कोन वाढतो, आणि प्रक्षेपणाच्या भिंगात न मावणारा तो प्रकाश यंत्राच्या आतच उष्णता होऊन वाया जातो. तीन मिलिमीटर किंवा त्याहून लांब आर्कचे मेटल हॅलाइड दिवे नेमके येथेच अडले. वॅट वाढवून उपयोग नव्हता. आर्क आखूड करायला हवा होता. दरपत्रकांत आजही वॅट ठळक छापलेले असतात आणि आर्कची लांबी क्वचितच आढळते, यावरून खरेदीचे निर्णय कोणत्या आधारावर होतात याची कल्पना येते.

फिलिप्सच्या आखेन येथील प्रयोगशाळेत हान्स एर्न्स्ट फिशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या अडचणीवर शोधलेला मार्ग, जो १९९५ मध्ये शंभर वॅटच्या दिव्याच्या रूपाने बाजारात आला, तो वरवर पाहता अघोरी वाटतो. साधारण एक ते दीड मिलिमीटर आर्क ठेवायचा आणि पाऱ्याच्या बाष्पाचा दाब वातावरणाच्या दोनशे पटींच्या पुढे न्यायचा. आर्क नुसता आखूड केला असता तर त्यावरचा व्होल्टेज घसरला असता, तेवढ्याच शक्तीसाठी प्रवाह वाढला असता आणि इलेक्ट्रोड वितळले असते; दाब वाढवल्याने व्होल्टेज पुन्हा सत्तर-ऐंशीच्या घरात आला आणि सुमारे दीड अँपिअरवर काम भागले. दाबाचा आणखी एक लाभ असा झाला की पाऱ्याच्या वर्णपटातील सुट्या रेषा रुंदावून त्यांच्यामध्ये अखंड प्रकाश भरला गेला. लाल रंगाची तूट मात्र उरली आणि ती या दिव्याच्या अखेरपर्यंत पुरती भरून निघाली नाही.

इतका दाब टिकवायचा तर कुपीच्या सर्वांत थंड बिंदूचे तापमानही नऊशे अंशांच्या आसपास असावे लागते, नाहीतर पारा पुन्हा द्रव होतो. आणि सर्वांत तप्त बिंदू फार वर गेला तर क्वार्ट्झ मऊ पडते किंवा स्फटिकरूप होते. या दोन मर्यादांमधील अरुंद पट्ट्यात दिव्याला हजारो तास जगायचे असते. इलेक्ट्रोडवरून उडणारे टंगस्टन भिंतीवर बसून ती काळी होऊ नये म्हणून कुपीत ब्रोमिन अत्यल्प प्रमाणात घातलेले असते. भिंतीजवळच्या कमी तापमानात ते टंगस्टनशी संयोग पावते आणि आर्कजवळच्या उष्णतेत विघटन होऊन टंगस्टन पुन्हा इलेक्ट्रोडकडे परतते. हे चक्र बिघडले की भिंत काळवंडते, काळी भिंत अधिक उष्णता शोषते, क्वार्ट्झ फुगते आणि दिवा फुटतो. फुटलेल्या दिव्याचे कारण शोधताना म्हणून उत्पादकाकडे बोट दाखवण्यापूर्वी हवेची गाळणी उघडून, ती तुंबल्याने कुपी जास्त तापत होती का, हे पाहावे. याच्या उलट चूकही घडते: काही तंत्रज्ञ सुरक्षिततेच्या कल्पनेने पंखा कायम सर्वाधिक वेगावर ठेवतात, त्यामुळे पारा अंशतः द्रव होतो, व्होल्टेज खाली येतो, त्याच शक्तीसाठी प्रवाह वाढतो आणि इलेक्ट्रोड झिजून आर्क लांबतो. अतिथंडाव्यानेही दिवा मरतो, ही गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावी लागते.

पुढची अडचण आर्कच्या चंचलतेची होती. इलेक्ट्रोडच्या टोकावर आर्क एका जागी न ठरता उडी मारू लागला, आणि आर्क जेवढा आखूड तेवढी ती उडी पडद्यावर ठळक. फिलिप्सने यावर काढलेला तोडगा दिव्यात नसून त्याला चालवणाऱ्या बॅलास्टमध्ये होता: प्रवाहाची दिशा बदलण्याच्या अगदी आधी क्षणभर जादा प्रवाहाचा ठोका द्यायचा, ज्याने इलेक्ट्रोडवर एक छोटे टोक वाढते व आर्क तेथेच स्थिरावतो. सूक्ष्म आरशांच्या एकचिप प्रक्षेपकांत हे ठोके फिरत्या रंगचक्राच्या गतीशीही जुळवलेले असतात. दिवा, बॅलास्ट, परावर्तक आणि पंखा ही चार यंत्रे राहिली नाहीत, एकच यंत्र झाले. जुन्या आवरणात अनोळखी कुपी बसवून विकले जाणारे स्वस्त दिवे येथेच फसतात. कुपी दिसायला तशीच असली तरी तिचा व्होल्टेज आणि बॅलास्टचा ठोका यांचे गणित एक नसते. त्यांची किंमत कमी असते हे खरे, पण तासांनी भागाकार केल्यावर ती कमी राहते का, हे ग्राहकाला दाखवून देणे तंत्रज्ञाचे कर्तव्य आहे.

महाराष्ट्रातल्या परिस्थितीत या दिव्याची आणखी एक खोड भारनियमनाच्या वर्षांत उघड झाली. गरम झेनॉन दिवा इग्नायटरच्या वीस-तीस हजार व्होल्टांच्या ठोक्याने लगेच पेटू शकतो. दोनशेपट दाबाखालचा पाऱ्याचा दिवा मात्र थंड होऊन दाब उतरेपर्यंत पेटत नाही. वीज गेली की दिव्याबरोबर पंखाही थांबतो, कोंडलेली उष्णता सांध्यांपर्यंत पसरते, आणि हे वारंवार घडले की दिव्याचे आयुष्य छापील तासांपेक्षा खूप आधी संपते. पंख्यापुरता तरी यूपीएसचा आधार देणे हा उपाय साधा होता, पण तो फार थोड्या ठिकाणी केला गेला. उपग्रहावरून चित्रपट पोहोचवणाऱ्या यूएफओ मूव्हीझसारख्या सेवांमुळे तालुक्याच्या गावांतील पडदे डिजिटल झाल्यावर लहान पडद्यांसाठी आलेल्या काही प्रक्षेपकांत दोन किंवा चार दिवे एकत्र जळत. एक दिवा गेला तरी खेळ चालू राहतो ही सोय होती, आणि तीच गैरसोयही ठरली, कारण मंद पडद्यावर खेळ चालवण्याची सवय तेथूनच लागली. डिजिटल सिनेमाच्या मानकाप्रमाणे पडद्याच्या मध्यावर प्रति चौरस मीटर अठ्ठेचाळीस कँडेला उजळपणा हवा. तो मोजण्याचे उपकरण प्रत्येक केबिनमध्ये असायला हवे होते.

आता हा दिवा येथे बनवता येईल का, असा प्रश्न उद्यमनगरातील उत्साही उद्योजकांच्या मनात उभा राहणे स्वाभाविक आहे. प्रस्तुत मासिकाचे मत स्पष्टपणे नकारार्थी आहे: ज्या वस्तूची मागणी ओसरत आहे तिच्यासाठी अतिशुद्ध क्वार्ट्झ, विशेष टंगस्टन आणि मिलिग्रॅमच्या अचूकतेने पारा भरण्याची सामग्री उभारणे व्यवहार्य नाही. सांध्यांची व इलेक्ट्रोडांची विद्या मात्र अतिनील किरणांनी शाई व रंग वाळवणाऱ्या छपाईच्या दिव्यांत आणि सौर पटलांची चाचणी घेणाऱ्या झेनॉन यंत्रांत अजून लागते, आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांनी ती शिकवण्यास उशीर झालेला नाही. लेसर प्रक्षेपकांतही उष्णता बाहेर नेण्याचे काम उरतेच. तांब्याचे शीतक फलक, द्रवाचे पंप आणि फॉस्फरच्या फिरत्या चकतीचे बेअरिंग हे कोल्हापूरच्या हाताला परके नाहीत.

तोवर केबिनांमध्ये आणि दुरुस्तीच्या दुकानांमध्ये साठलेल्या जुन्या दिव्यांची विल्हेवाट हे तातडीचे काम आहे. मिनामाता करारात सामान्य प्रकाशयोजनेच्या उच्चदाब पाऱ्याच्या दिव्यांसाठी २०२० ही मुदत ठरवली गेली. प्रक्षेपणाचे दिवे त्या वर्गात मोडत नाहीत, म्हणून त्यांतला पारा कमी घातक ठरत नाही. पाराधारी दिवे १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांच्या कक्षेत आहेत आणि ते नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडेच गेले पाहिजेत. जळून गेलेल्या झेनॉन दिव्यात पारा नसतो, पण दाब असतो. तो मूळ संरक्षक आवरणात ठेवूनच हलवावा, भंगारवाल्याच्या गाडीवर सुटा टाकू नये, आणि टाकण्यापूर्वी त्याचे एकूण तास, तो बदलण्याचे कारण व रेक्टिफायरचा रिपल यांची नोंद वहीत उतरवून ठेवावी. अशा नोंदी वाचकांनी मासिकाकडे पाठवल्यास त्या पुढील अंकांतून तपशिलासह छापल्या जातील.