विद्यार्थ्यांचें संशोधन कीं संशोधनाचें सोंग ?

पदवीच्या अभ्यासक्रमांत संशोधनास स्थान असावें, अशी मागणी आमच्याकडील विचारी लोक पुष्कळ वर्षें करीत आले आहेत. २०२० सालच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें ती मान्य केली, आणि विद्यापीठ अनुदान आयोगानें डिसेंबर २०२२ मध्यें प्रसिद्ध केलेल्या आराखड्यान्वयें पहिल्या सहा सत्रांत शेंकडा ७५ किंवा अधिक गुण मिळविणाऱ्या विद्यार्थ्यास चौथ्या वर्षीं संशोधन करून प्रबंध सादर करण्याची मोकळीक मिळाली. दार उघडलें हें ठीकच झालें. परंतु या दारानें आमचा विद्यार्थी बाहेरच्या सृष्टींत जाणार, कीं एका कपाटांतील कागद दुसऱ्या कपाटांत नेऊन ठेवणार, हा खरा प्रश्न आहे. आणि जीवशास्त्रापुरतें बोलावयाचें तर त्याचें उत्तर आज तरी समाधानकारक नाहीं, असें आम्हांस खेदानें म्हणावें लागतें.

मागील पावसाळ्यांत एका तालुक्याच्या गांवच्या महाविद्यालयांत जाण्याचा आम्हांस प्रसंग आला. त्याचें नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं. कारण हीच स्थिति इतरत्रही आढळेल. ग्रंथालयांत विद्यार्थ्यांचे प्रबंध सोनेरी अक्षरांच्या बांधणींत ओळीनें मांडलेले होते. सहज तीन काढून पाहिले; तिहींची प्रस्तावना शब्दशः एक, इतकेंच नव्हे तर तिहींत शुद्धलेखनाच्या चुकाही त्याच! एकांत तर परप्रांतांतील अशा तलावाचें सविस्तर वर्णन होतें कीं, जो लेखकानें डोळ्यांनीं कधीं पाहिला नव्हता. खिडकीबाहेर मात्र महाविद्यालयाच्याच आवारांतलें तळें पावसानें भरलें होतें, व बेडकांचा एकच गजर चालला होता. यांत किती जातींचे आवाज आहेत, असें आम्हीं जवळ उभ्या असलेल्या चौघां विद्यार्थ्यांस विचारलें. चौघेही हुशार, पण उत्तर कोणासच देतां आलें नाहीं. त्यांतील एक मुलगी प्रामाणिकपणें म्हणाली, "साहेब, तळ्याकडे जा असें आम्हांला कधीं कोणी सांगितलेंच नाहीं." आमच्या जीवशास्त्राच्या शिक्षणाविरुद्ध फिर्याद लिहावयाची झाली, तर तिचा सारांश या एका वाक्यांत आला आहे.

बेडकाची गोष्ट निघालीच आहे म्हणून सांगतों. प्राणिशास्त्राच्या कित्येक पिढ्यांस बेडूक माहीत झाला तो चिरफाडीच्या तबकांत टाचण्यांनीं ताणून धरलेला. विद्यापीठ अनुदान आयोगानें २०११ सालीं ही चिरफाड कमी करण्याविषयीं सूचना काढल्या, व २०१४ सालीं ती बंद करण्यास सांगितलें. भूतदयेच्या दृष्टीनें हें योग्यच झालें. परंतु झालें काय, तर तबकांतून उठलेला बेडूक संगणकाच्या पडद्यावर जाऊन बसला, आणि विद्यार्थी होता तेथेंच राहिला! बेडूक अंडीं कोठें घालतो, पहिल्या पावसानंतर किती दिवसांनीं घालतो, तळें लवकर आटलें तर त्याच्या पिलांची काय गति होते, हें पाहण्यास ना शस्त्र लागतें ना पडदा. त्यास तळें लागतें, आणि तळ्याकांठीं रोज जाण्याची चिकाटी लागते.

ही चिकाटी आमच्या रक्तांतच नाहीं, असें कोणी म्हणेल तर तें इतिहासास सोडून आहे. १८८३ सालीं मुंबईंत बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली, तेव्हां तिच्या आठ संस्थापकांत दोघे आपले होते. एक डॉ. आत्माराम पांडुरंग, म्हणजे प्रार्थनासमाजाचे आद्य संस्थापक; दुसरे डॉ. सखाराम अर्जुन, ज्यांची सावत्र कन्या रखमाबाई हिच्या खटल्यानें पुढें सारा देश हालविला. समाजांतील रूढि आणि रानांतील वनस्पति यांजकडे एकाच निर्भय दृष्टीनें पाहणारीं हीं माणसें होतीं. आहे तें जसें आहे तसें पाहावें, पूर्वीं कोणी सांगितलें म्हणून मानूं नये, हेंच सुधारणेचें बीज आणि हेंच विज्ञानाचेंही बीज. सुधारकांनीं सृष्टिशास्त्राची मंडळी काढावी, यांत योगायोग थोडा व सुसंगति फार आहे.

पुढील काळाचीं उदाहरणेंही दूर शोधावयास नकोत. मालवणचे शंकर पुरुषोत्तम आघारकर मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजांत शिकवीत असतां सह्याद्रींत हिंडत, आणि गेल्या शतकाच्या दुसऱ्या दशकाच्या आरंभीं गोड्या पाण्यांतील छत्रीसारखा पारदर्शक जीव त्यांस सातारा जिल्ह्यांतील नदींत सांपडला. त्या वर्गांतील प्राणी बहुतेक समुद्रांतच राहणारे असल्यामुळें या शोधाचें महत्त्व मोठें होतें. याच गृहस्थांनीं १९४६ सालीं पुण्यास महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी उभारण्यांत पुढाकार घेतला. दुसरें उदाहरण सालिम अली यांचें. त्यांजपाशीं विद्यापीठाची पदवी नव्हती, आणि १९३० सालीं हातीं नोकरीही नव्हती. अलिबागेजवळ किहीम येथें राहत असतां त्यांनीं सुगरण पक्ष्याच्या वसाहतीसमोर बसून दिवसचे दिवस नोंदी केल्या. लोकांनीं या पक्ष्यास नांव दिलें तें स्त्रीचें. परंतु विणणारा असतो नर. तो घरटें अर्धेंमुर्धें विणतो, मादी येऊन तें पारखते, पसंत पडल्यास तेथें नांदते, आणि नर लागलीच दुसऱ्या घरट्यास हात घालतो. असा हा सुगरणीचा संसार त्यांनीं जगापुढें मांडला, तो बसण्याची जागा, वही आणि धीर एवढ्याच भांडवलावर. विलायतेंत डार्विन केंब्रिजास विद्यार्थी असतां भुंगे गोळा करण्याच्या नादीं लागला होता, हें प्रसिद्ध आहे. परीक्षेच्या पुस्तकांनीं नव्हे, त्या नादानें त्यास घडविलें.

आतां कोणी म्हणेल कीं, हीं थोरामोठ्यांचीं उदाहरणें झालीं. विशीच्या सामान्य मुलानें वर्षभरांत असें काय शोधावें? या प्रश्नांतच मोठी चूक दडलेली आहे. एकट्यानें, एका वर्षांत, जगास थक्क करणारें कांहीं शोधावें अशी अपेक्षा धरली म्हणजे नक्कल करण्यावांचून गत्यंतर राहत नाहीं. सृष्टीच्या अभ्यासाचें काम पिढीजाद आहे. कारवीचें झुडूप पाहा. मुंबईच्या आसपासच्या डोंगरांत तिचा सार्वत्रिक बहर २००८, २०१६ आणि २०२४ या वर्षीं आला. एकदां फुलून बीं धरलें कीं ती मरते. २०२५ सालीं महाविद्यालयांत शिरलेला विद्यार्थी चार वर्षें पुरीं करून २०२९ सालीं बाहेर पडेल, व त्यास तेथला तो बहर दिसणारच नाहीं. शिवाय सर्व डोंगर एकाच वर्षीं फुलतात असेंही नाहीं. म्हणजे आपल्या टेंकडीवरील कारवी केव्हां उगवली, किती वाढली, केव्हां फुलली, तिजवर कोणत्या माशा आल्या, हें एका विद्यार्थ्यास कळणें अशक्य. परंतु महाविद्यालयास कळणें अगदीं शक्य! अट इतकीच कीं, प्रत्येक तुकडीनें आपली वही पुढच्या तुकडीच्या हातीं द्यावी. हल्लीं होतें तें उलट. प्रत्येक वर्षीं नवा विषय, नवी बांधणी. आणि निकाल लागतांच सर्व रद्दींत.

आम्ही कायद्याचे विद्यार्थी असल्यामुळें एक दृष्टांत आम्हांस सुचतो. १८७२ चा पुराव्याचा कायदा जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम सुरू झाला. तथापि जें डोळ्यांनीं पाहिलें तें पाहणाऱ्यानेंच सांगावें, ऐकीव गोष्ट सामान्यतः चालावयाची नाहीं, हें तत्त्व कायम आहे. आमच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध बव्हंशीं ऐकीव पुरावाच होत. "अमक्या तारखेस, अमक्या वडाखालीं, सकाळीं सात वाजतां मीं पावशाचा आवाज ऐकला," एवढें एक खरें वाक्य परक्याच्या पुस्तकांतून उतरलेल्या शंभर पानांहून अधिक वजनाचें आहे. गेल्या कित्येक शतकांत आमच्या शेतकऱ्यानें पावशास "पेर्ते व्हा" म्हणतांना ऐकलें, कवींनीं चातकावर श्लोक रचले. परंतु तो अमक्या गांवीं कोणत्या वर्षीं कोणत्या तारखेस प्रथम ओरडला, याची सलग पन्नास वर्षांची यादी किती महाविद्यालयें दाखवूं शकतील? पाऊसमान बदलत चालल्याची ओरड सर्वत्र आहे. त्या काळांत अशा यादीची किंमत काय झाली असती, हें सांगावयास नकोच.

असल्या टिपणांचा उपयोग काय, असा आक्षेप येईलच. त्यास कोंकणांतलें उत्तर देतों. लाल विंचवाच्या दंशानें तेथें माणसें, विशेषतः मुलें, पटापट दगावत. महाडकडील सरकारी आरोग्यकेंद्रांत काम करणाऱ्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनीं रोग्याच्या उशाशीं बसून लक्षणांच्या नोंदी केल्या. १९८२ सालीं त्या 'लॅन्सेट' या विलायती वैद्यकपत्रांत छापून आल्या, आणि पुढें प्राझोसिन या औषधाच्या योगें मृत्यूचें प्रमाण फार मोठ्या मानानें खालीं आलें. ज्या खेड्यांत मोठें यंत्र नव्हतें, तेथें नुसत्या निरीक्षणानें प्राण वांचले.

दुसरा उपयोग तर याहूनही निकडीचा आहे. २००२ सालच्या जैविक विविधता अधिनियमानें प्रत्येक स्थानिक संस्थेस समिति नेमून आपल्या हद्दींतील जीवसृष्टीची लोकनोंदवही करण्यास सांगितलें. वर्षानुवर्षें काम रेंगाळलें. शेवटीं राष्ट्रीय हरित लवादानें ३१ जानेवारी २०२० ही मुदत घालून दंडाची धमकी दिली, तेव्हां कागद भरण्याची धांवपळ उडाली. दंडाच्या भीतीनें भरलेली वही कशी असावयाची, हें वाचकांनीं ताडावें. आणि उद्यां त्याच गांवच्या सड्यावर खाण निघाली म्हणजे? २००६ च्या अधिसूचनेप्रमाणें परिणामांचें मूल्यमापन होतें, मोठ्या प्रकल्पांस बहुधा जनसुनावणी होते. कंपनीचा तज्ज्ञ जाडजूड अहवाल घेऊन उभा राहतो, आणि त्यांत येथें विशेष कांहीं नाहीं असें लिहिलेलें असलें, तर गांवकऱ्यांपाशीं "आमच्या वाडवडिलांपासून आहे" यापलीकडे उत्तर नसतें. कोर्टांत आणि सुनावणींत असल्या उत्तराची काय वाट लागते, हें आम्हीं पाहिलें आहे. त्या ठिकाणीं शेजारच्या महाविद्यालयाच्या वीस वर्षांच्या, तारीखवार, सहीनिशीं केलेल्या नोंदी असत्या तर? ज्या राष्ट्रास आपल्या भूमीवर काय आहे हेंच सांगतां येत नाहीं, त्यानें ती भूमि आपली म्हणून कोणत्या तोंडानें सांगावी?

म्हणून आमच्या सूचना थोड्या व स्पष्ट आहेत. प्रत्येक महाविद्यालयानें पायीं जातां येईल असें एक तळें, एक टेंकडी व शंभर झाडें कायमचीं नेमून घ्यावीं. तेथल्या नोंदीची वही ग्रंथालयाच्या मालकीची असावी, व प्रत्येक नोंदीखालीं तारीख, जागा आणि पाहणाराची सही असावी. ही वही मराठींत लिहिली तरी चालली पाहिजे. ज्या कातकऱ्यानें वा धनगरानें झाडाचें नांव सांगितलें, त्यास ती वाचून दाखवितां यावी, आणि त्याचें ऋण त्याच्या संमतीनें त्याच्या नांवासह नमूद व्हावें. गुण द्यावयाचे ते बांधणीस न देतां वहीस द्यावे, आणि तोंडी परीक्षा तळ्याकांठीं घ्यावी. विद्यार्थ्यांसह रानांत घालविलेला अध्यापकाचा वेळ अध्यापनांत धरावा. "शोधलें, पण सांपडलें नाहीं" हाही निष्कर्ष मानावा. तो मानला नाहीं तर खोट्या नोंदी आपोआप जन्मास येतील. मात्र एक ताकीद विसरूं नये. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा विद्यार्थ्यांसही लागू आहे. सालिम अलींच्या बाळपणीं छऱ्याच्या बंदुकीनें पक्षी टिपून त्याची ओळख पटविण्याची रीत होती. आजच्या विद्यार्थ्याचीं हत्यारें वही, दुर्बीण आणि छायाचित्र हींच.

यांत खर्च म्हणावा तर वह्यांचा. अडचण आहे ती मनाची. संशोधन म्हणजे काचेच्या नळ्या, परदेशी यंत्रें आणि इंग्रजी मथळा, अशी जी समजूत आमच्या विद्यापीठांत घर करून बसली आहे, ती जोंपर्यंत निघत नाहीं, तोंपर्यंत चौथें वर्ष वाढवून फक्त फी वाढेल, विद्या वाढणार नाहीं. विद्यापीठांच्या चालकांनीं व प्राचार्यांनीं येत्या मृगापूर्वीं एवढें जरी केलें कीं, एक कोरी वही आणून तिच्या पहिल्या पानावर आपल्या आवारांतल्या तळ्याचें नांव लिहिलें, तर त्या मुलीच्या तक्रारीस निदान आरंभापुरतें तरी उत्तर मिळालें, असें आम्ही समजूं.